मलाक्का : सहकुटुंब गेलेल्यांनी लिहा

क्वालालंपूरहून बसने दोनेक तासांत मलाक्का येतं. त्यामुळे बहुतेक टूरवाले लाल चौकात फोटो, जोंकर स्ट्रीटवर खरेदी आणि संध्याकाळी परत, असं उरकून टाकतात. आम्ही सासूबाई आणि मुलांना घेऊन मुक्कामालाच गेलो. तुमचेही अनुभव येऊ द्या : म्हातारी माणसं कुठे दमली, पोरं कुठे रमली. नुसती हॉटेलांची यादी नको.

सुरुवात मीच करते. सेंट पॉल टेकडी तशी लहान, पण दमट उन्हात पायऱ्या चढणं सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेना. त्यांनी पायथ्याला सांतियागो दरवाजापाशीच बैठक मारली. पोर्तुगीजांच्या आ फामोसा किल्ल्यातलं मूळचं असं तेवढंच उभं आहे. १८०७ मध्ये इंग्रजांनी किल्ला पाडायला घेतला. रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याने रदबदली केली म्हणून दरवाजा वाचला. धाकटा म्हणाला, "स्वतःच्याच ताब्यातला किल्ला कोण पाडतं?" गाव डचांकडून घेतलेलं, ते त्यांना परत द्यावं लागेल ही धास्ती होती, असं मी सांगितलं. सासूबाईंना लगेच पटलं. "परत द्यायचं म्हटल्यावर धड कोण देतंय!"

*

आम्ही मडगावचे. जुन्या गोव्यात ज्या सायबाच्या फेस्ताला लहानपणापासून जातो, त्याची पहिली जागा बघायची म्हणून आई खास आली होती. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारले. १५५३ मध्ये देह मलाक्क्याला आणून टेकडीवरच्या चर्चमध्ये पुरला आणि १५५४ च्या मार्चमध्ये तो गोव्यात पोचला. आता चर्चला छप्पर नाही. रिकाम्या थडग्यावर जाळी आहे, लोक तीतून नाणी टाकतात. मी रिंगिट काढून दिलं, तर आईने पर्समधून दहा रुपयांचं नाणं काढलं. "गोव्यातलंच टाकते. सायबाला कळूंदे कोण आलंय ते."

बाहेरच्या पुतळ्याला उजवा हात नाही. झाड पडून तुटला म्हणतात. गंमत म्हणजे खऱ्या देहाचाही उजवा हात १६१४ मध्ये रोमला नेलेला आहे.

पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. त्या काळापासूनचे क्रिस्तांग, म्हणजे पोर्तुगीज-मलय वंशाचे लोक, आज उजोंग पासिरच्या पोर्तुगीज वस्तीत राहतात. संध्याकाळी तिथे समुद्राकाठी जेवायला जाच. देबाल करीत व्हिनेगर असतं, त्यामुळे जीभ पहिल्या घासाला ओळखते. गावात आपलं नारळ-गुळाचं गोड दोदोलही मिळतं. आईने बोटाने दाबून पाहिलं, खाल्लं आणि निकाल दिला : तांदूळ चिकट जातीचा, काजू नाहीत, गूळ मात्र चोख.

*

शाकाहारी मंडळींनो, पालेभाजी मागवलीत तरी आधी विचारा. त्यात बलाचान, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला लगदा, पडलेला असतो. आमचं जेवण लिटल इंडियात केळीच्या पानावर, आणि दुपारी चेंडोल : नारळाचं दूध, बर्फ, हिरव्या शेवया, वरून माडाचा पातळ गूळ. मुलांनी परत परत मागितलं.

तिथलं विनायगर मंदिर चुकवू नका. १७८१ चं, मलाक्क्याच्या चिट्टी समाजाचं. पूर्वज तमिळ व्यापारी, पण घरात बोली मलायची. जवळच कांपुंग क्लिंग मशीद आणि चेंग हून तेंग हे चिनी मंदिर आहे. मशिदीचा मिनार पॅगोडासारखा दिसतो, मुलगी तिलाच मंदिर समजली होती.

*

सिंगापूरकरांसाठी एवढंच : जोंकरचा रात्रबाजार शुक्रवार ते रविवार असतो, आणि नेमकी तेव्हाच कॉजवेवर, म्हणजे सिंगापूरहून मलेशियात येणाऱ्या रस्त्यावर, रांग लागते. शुक्रवारी सकाळी निघा.

*

मी बोटीवर नोकरी केली. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून कैकदा गेलो, पण गावात पाय ठेवला तो निवृत्तीनंतर, बायकोबरोबर. तिचा पहिला प्रश्न, "बंदर कुठाय?" खरंच दिसत नाही. भराव घालून समुद्र मागे सारलाय, जुन्या किनाऱ्यावर मॉल उभे आहेत. एके काळी इथे गुजरातची, जावाची, चीनची गलबतं वारं फिरेपर्यंत थांबायची. त्यांच्यासाठी चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमलेले होते आणि त्यांतला एक खास गुजरात्यांसाठी. 'फ्लोर द ला मार' या पोर्तुगीज जहाजाच्या प्रतिकृतीत सागरी संग्रहालय आहे. खरं जहाज १५११ मध्ये मलाक्क्याची लूट घेऊन निघालं आणि सुमात्राजवळ बुडालं. मी तिथे रेंगाळलो. बायकोला मात्र हॅलो किटीची चित्रं लावलेली, ठणाणा गाणी लावणारी सायकलरिक्षाच जास्त आवडली. मला ती अजिबात आवडली नाही, पण भाडं मीच दिलं.