बारावी झालेला मुलगा म्हणतो, कॉलेज नको, मामाच्या होडीवर जातो

डबल बेल

मंडळी, इथे बरेच महिने नुसता वाचतोय. आज लिहायची वेळ आली.

मी दापोली तालुक्यात एसटीत वाहक आहे. केळशीला मुक्कामाची गाडी असते, तीच पहाटे परत फिरते. आंजर्ले, हर्णे, आसूद करत दापोलीत पोचेपर्यंत अर्धी गाडी कॉलेजच्या पासवाल्यांची. विद्यार्थ्याला एक तृतीयांश भाड्यात पास मिळतो, त्यामुळे रोज कोण येतं, फक्त सोमवारी कोण येतं आणि परीक्षेच्या आठवड्यापुरतं कोण उगवतं, हे त्यांच्या प्राध्यापकांपेक्षा मला जास्त ठाऊक. ऑगस्टात दारात लोंबकळणारी गाडी दिवाळीनंतर निम्मी होते. एक टी.वाय.चा, म्हणजे शेवटच्या वर्षाचा, मुलगा होता, कायम शेवटच्या बाकावर, डोक्याला रुमाल बांधून झोपलेला. एकदा हलवून विचारलं, रात्री करतोस काय? म्हणाला, बंदरावर बर्फ फोडतो. तो बी.ए. झाला. आता दिवसाही बर्फच फोडतो.

आता घरचं. माझा मुलगा यंदा बारावी सायन्स पास झाला, ५८ टक्के. आपल्या कोकण बोर्डाचं कौतुक पेपरात दरवर्षी येतं, २०२५ ला बारावीचा निकाल ९६.७४ टक्के लागला, राज्यात पहिला. म्हणजे आमच्याकडे पास होणं ही बातमी नाही, नापास झाला तर वाडीत चर्चा. पोरगा म्हणतो, बाबा, मला कॉलेज नको, मामाकडे जातो. त्याच्या मामाची हर्ण्याला होडी आहे. दोन वर्षं प्रत्येक सुट्टीत हा तिथल्या मिस्त्रीच्या हाताखाली इंजिनाशी खेळतोय. मध्ये एकदा बायकोने पँट धुवायला घेतली तर खिशात रबराचा काळा तुकडा. पंपाच्या इम्पेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्राची, तुटलेली पात. 'फेकू नकोस गं, ती कशाने तुटली ते बघायचंय,' म्हणाला. रसायनशास्त्राच्या पुस्तकाबद्दल इतकी काळजी मी कधी पाहिली नाही.

मी स्वतः दहावी. वाहकाचा बिल्ला काढला, भरतीत लागलो, संसार झाला. पण शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचे शिक्षण' असा एक रकाना असायचा, तो पोरगा दरवर्षी मला न विचारता भरायचा. तेवढं एक मनात राहिलंय.

होडीला नावं ठेवायला मला तोंड नाही. २०२१-२२ च्या संपात पाचेक महिने मी घरी होतो, तेव्हा मेव्हण्याच्या मासळीवर आमची चूल पेटली. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा त्याच मेव्हण्याची धाकटी होडी दोन तासांत फुटून गेली, तेही मी बघितलंय. त्या रात्री तो जेवला नव्हता. बायकोचं म्हणणं वेगळंच, होडीवाल्याला मुलगी कोण देणार?

सध्या जून-जुलैची बंदी आहे, होड्या वर काढून शाकारल्यात. १ ऑगस्टला मेव्हणा निघणार आणि त्याला माणूस हवाय. प्रवेश त्याच्या आत उरकतील. तीन वर्षं बी.एस्सी.ला घालवून तो परत बर्फच फोडणार असेल तर नको. आणि नाही घातला, आणि पस्तिशीत मला म्हणाला, 'बाबा, तेव्हा अडवलं का नाहीत?' तर? ज्यांनी दोन्हीतलं काही केलंय त्यांनी लिहा. 'मुलाची आवड बघा' एवढंच लिहायचं असेल तर राहू दे.

खाऱ्या पाण्यातली

दादा, मी मच्छीमाराची मुलगी. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं, १९८१ पासूनचं. तिथून मी बी.एफ.एस्सी. केलं, चार वर्षं.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला बर्फ शिकवला. हो, बर्फच. आपल्या हवेत मासा टिकवायचा तर किलोला किलो बर्फ लागतो, तोही बारीक फोडलेला आणि थराथराने घातलेला. लादीचे मोठे ढेकळे टाकले की मासा दबतो आणि मध्ये हवा राहते. घरी येऊन काकाला सांगितलं तर हसला. 'बर्फाचे पैसे तुझं कॉलेज देणार काय?' मी हट्टाने एका खेपेला दोन खण वेगळे भरायला लावले, एक माझ्या पद्धतीने, एक त्याच्या. चार दिवसांनी होडी लागली. लिलावात व्यापाऱ्याने काही न बोलता दोन्हीकडच्या सुरमईचा कल्ला उचलून बघितला. माझ्या खणातला लाल होता, दुसऱ्यातला विटकरी पडलेला. भावही त्याने दोन केले. काका त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही, पण पुढच्या खेपेला बर्फ जास्त घेतला.

म्हणजे कॉलेजने सगळं दिलं असं नाही. कुठल्या व्यापाऱ्याला उधार द्यायचं नाही, हे काकालाच कळतं, आमच्या कुठल्याच पेपरात ते नव्हतं. पण तुमच्या मुलाला एक गोष्ट सांगा. त्याला होडी बसल्या जागी मिळतेय. मला ती कधीच मिळाली नसती, मला डोक्यावर पाटी मिळाली असती. माझ्यासाठी कॉलेज हीच होडी होती, त्यामुळे माझं उत्तर त्याला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही.

त्याने जीवशास्त्र घेतलं होतं का आणि सीईटी दिली होती का? नसेल तर आमच्याकडचा दरवाजा यंदा बंद समजा.

मालवणी खाजा

आमच्या वाडयेत चार बीए नि दोन एमए आसत. भजनाक सगळे टायमार हजर, कित्याक तर सकाळी कोणाकच खंय जावचा नसता. होडी आसलेल्या झिलाक कालेजात कशाक धाडतास?

खाऱ्या पाण्यातली

त्या सहांत मुली किती?

मालवणी खाजा

एक पण नाय. चेडवां शिकली नि गेली मुंबैक. कोण बँकेत, कोण हॉस्पिटलात. ... बरां, माझा म्हणणा मी अर्धा मागे घेतंय.

आठ महिने बाहेर

कोणीतरी तुम्हाला 'शिपवर पाठवा' म्हणेलच, म्हणून त्याआधी लिहितो. मी बोटीवर आहे, आत्ता सुट्टीवर घरी आलोय.

डेक कॅडेट व्हायचं, म्हणजे पुढे ऑफिसर, तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये मिळून ६० टक्के लागतात, शिवाय सामायिक परीक्षा. तुम्ही ५८ लिहिलंय ते एकूण असेल, तर या तीन विषयांची बेरीज वेगळी करून बघा. दुसरी वाट जी.पी. रेटिंगची, म्हणजे जहाजावरच्या खलाशाची. सहा महिन्यांचा कोर्स, दहावीवर होतो, दहावीला एकूण ४० आणि इंग्रजीतही ४० टक्के लागतात. मी त्याच वाटेने गेलो.

पण जायच्या आधी एक वर्ष फुकट घालवलं. मुंबईत एका एजंटने 'जॉइनिंग पक्कं' सांगून बाबांकडून आंब्याच्या पट्टीचे सगळे पैसे घेतले. त्या वर्षी घरात कोणी नवा कपडा घेतला नाही. जहाज आलंच नाही, त्याचं ऑफिस मात्र दोनदा बदललं. संस्था डी.जी. शिपिंगच्या, म्हणजे सरकारी जहाज खात्याच्या, यादीत आहे का, हे वेबसाइटवर दोन मिनिटांत कळतं. आमच्या घरात तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली.

तुमचा पोरगा इंजिनात रमणारा दिसतो. रेटिंगला गेला तर पहिली काही वर्षं रंग खरवडणं आणि रंग लावणं. ते त्याला आधीच सांगा.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला

डबल बेल, तुमच्या पोराची ती इम्पेलरची पात वाचून लिहायला बसलो.

मी जयगड खाडीच्या बाजूला होड्यांची इंजिनं करतो, वीस वर्षं झाली. आयटीआय, डिझेल मेकॅनिक, एक वर्षाचा ट्रेड. तेव्हा घरचे डिप्लोमा कर म्हणत होते. मी म्हटलं, हातात कला असताना पुस्तक कशाला? धंदा चांगला चाललाय, रडगाणं गात नाही. पण ऐका.

चार वर्षांपूर्वी एका नाखव्याने, म्हणजे होडीमालकाने, इंजिन बदललं. नवं कोरं, गिअरही नवा, होडी ढकलणारा पाण्याखालचा पंखा मात्र जुनाच बसवला. होडी पाण्यात घातली तर फेरे चढेनात आणि धूर काळाकुट्ट. मी पंप काढला, नोझल बदलले, फिल्टर बदलले, हवेची वाट तपासली. आठ दिवस गेले. नाखवा रोज सकाळी येऊन काही न बोलता उभा राहायचा, ते शिव्यांपेक्षा वाईट. शेवटी माझ्या चुलतभावाचा मुलगा सुट्टीला आला होता, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा. त्याने पान्याला हात लावला नाही. गिअरचं रेशो विचारलं, इंजिनाचे फेरे विचारले, होडी किती नॉट धावते विचारलं, आणि माझ्या बिलबुकाच्या मागे गणित मांडलं. म्हणाला, 'काका, इंजिनात काही नाही. पंख्याचा पिच, म्हणजे पात्यांचा पीळ, जास्त आहे, इंजिनाला ओढवत नाहीये.' पंखा काढून पिच कमी करून आणला. धूर गेला.

आवाजावरून दुखणं ओळखण्यात त्या पोराला मी आजही हरवीन. पण त्या आठ दिवसांत मला जे कळलं नाही ते कानाला कळण्यासारखं नव्हतंच. आता तर पर्यटकांच्या बोटींना चार स्ट्रोकची आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावायची इंजिनं, आलीत, त्यातली काही लॅपटॉप लावल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. ती मी परत पाठवतो. गिऱ्हाईक परत पाठवणं म्हणजे काय, ते धंदेवाल्याला विचारा.

तेव्हा बी.एस्सी. सोडा. बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे डिप्लोमा दोन वर्षांत. त्याला सीईटी लागत नाही, बारावीचे मार्क बघतात. रत्नागिरीला सरकारी तंत्रनिकेतन आहे, मालवणलाही आहे. सुट्टीत मामाची होडी आहेच. आणि मामाला सांगा, दोन वर्षांनी मिस्त्रीचे पैसे वाचतील. असं सांगितलेलं नाखव्यांना लगेच कळतं.

पेपर तपासणारा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. एकच भर घालतो. पदवीचा कागद पुढे लागलाच, उदाहरणार्थ तलाठी भरतीला कुठल्याही शाखेची पदवी लागते, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच. होडीवर राहूनही ती करता येते. मी कॉलेजात शिकवतो, माझ्याच पोटावर पाय देतोय, पण बस दिवाळीनंतर निम्मी होते हे खरं आहे. माझा वर्गही होतो.

डबल बेल

सलग ड्यूटी होती, म्हणून उत्तराला उशीर. सगळ्यांचे आभार.

हा सगळा धागा पोराला मोठ्याने वाचायला लावला, मी आणि त्याची आई ऐकत बसलो. भजनाच्या गोष्टीला आई हसली. सुरमईच्या कल्ल्याला मामाचा फोन लावला, तो म्हणाला, 'ते बरोबर आहे, पण बर्फ महाग झालाय,' आणि ठेवून दिला. शिपचं त्याला नको आहे. सीईटी दिलेली नाही, म्हणजे शिरगावही गेलं.

पंख्याच्या गोष्टीशी मात्र पोरगा थांबला. परत वाचली. मला विचारलं, 'बाबा, पिच म्हणजे नेमकं काय?' मला काय माहीत! संध्याकाळी पाऊस धो धो असताना छत्री न घेता हर्ण्याला गेला. होड्या वर काढलेल्या आहेत, त्यामुळे पंखा उघड्यावरच आहे, एरवी पाण्याखाली असतो. शिंप्याची टेप घेऊन मोजून आला. माझ्या तिकीट मशीनचा उरलेला रोल घरात असतो, त्यावर आकडे लिहिलेत, हातभर लांब यादी आहे. तीन पात्यांचा, व्यास २८ इंच. पिच कसा मोजायचा ते समजलं नाही म्हणतो.

मेव्हणा नाराज आहे. त्याचं म्हणणं, मला माणूस ऑगस्टात हवा, दोन वर्षांनी नको. तेही खोटं नाही. त्याच्याकडे एक नेपाळी खलाशी गेल्या साली होता, तो येतो का बघतोय. बायकोने विचारलंय की डिप्लोमावाल्याला तरी मुलगी देतात का, ते कोणी लिहिलेलं नाही.

फॉर्मला डोमिसाइल आणि उत्पन्नाचा दाखला लागतोय. माझी साप्ताहिक सुट्टी परवा, तेव्हा तहसीलला जातो. रेशनकार्डावर पोराचं नाव आजोबांच्या कार्डात राहिलंय, ते आधी निस्तरायचं.

गॅरेजवाले, तो पिच कसा मोजायचा तेवढं सांगा. पोरगा मागे उभा आहे.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला

टेपने नाही जमणार. एका पात्याचा बाजूने फोटो काढायला सांगा, शेजारी लाकडी पट्टी उभी धरून. आणि आधी पात्यावरचे कालवं खरवडून घे म्हणावं, नाहीतर माप चुकेल.