मदत हवी आहे: डेटोना ५०० या नॅसकार मोटार शर्यतीचा निकाल कळला नाही, आणि रविवारी अण्णांना अटलांटाला न्यावं का?

नमस्कार मंडळी. आज मंगळवार, २० फेब्रुवारी २०२४. काल रात्रीपासून घरात एकच वाद चाललाय, म्हणून हा धागा.

आम्ही अमेरिकेत कॉन्कर्डला राहतो, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या शेजारी. घरापासून दहा मिनिटांवर रेसचा मोठा ट्रॅक आहे, निम्म्या टीमचे कारखाने आसपास आहेत, आणि तरी सहा वर्षांत मी एकही नॅसकार रेस धड पाहिली नव्हती. 'गोल गोल फिरतात, त्यात काय बघायचं' हे माझंही मत. पण अण्णा (वडील, वय ७२) जानेवारीत गावाहून आले. गाव खेड तालुक्यात. बैलगाडा शर्यतीवरची मधली बंदी येण्याआधी अण्णा घाटात (शर्यतीच्या धावपट्टीवर) स्टॉपवॉच धरून बसायचे, बारी किती सेकंदांत आली ते सांगायला. शर्यत म्हटली की माणूस जेवण विसरतो. टीव्हीवर डेटोनाची जाहिरात बघितली आणि म्हणाले, "हे बघायचं."

रविवारी पावसाने रेस सोमवारवर गेली. ते एक बरं झालं, सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी होती. दुपारी चारपासून आम्ही दोघं सोफ्यावर. जे घडलं ते मला कळलं तसं लिहितो, चुकलं तर सांगा.

सुरुवातीलाच सहाव्या लॅपला चार-सहा गाड्या आपटल्या, जिमी जॉन्सनसारखा जुना, सात वेळचा नॅसकार चॅम्पियनही त्यात सापडला. मग कितीतरी वेळ शांतता. सगळे दोन-तीन रांगा करून, वरातीत चालल्यासारखे. चेस एलियटने पहिला टप्पा जिंकला, रायन ब्लेनीने दुसरा. मग आठ लॅप उरले असताना महाभारत. बोमनने मागून बायरनला ढकललं, बायरन केसेलोव्स्कीला लागला, आणि मग तेवीस गाड्या एकमेकींत. लाल झेंडा, पंधरा मिनिटं सगळं ठप्प. चार लॅप उरले असताना पुन्हा सुरुवात. शेवटच्या लॅपच्या तोंडावर चॅस्टेन आणि सिंड्रिक आपटले, पिवळा दिवा लागला, आणि संपलं! गाड्या हळूहळू रेषेवर आल्या आणि विल्यम बायरन विजेता.

अण्णा उठून उभे राहिले. "आरं, पळालेच नाहीत की! असा कसा निकाल?" जेवायलाही बसेनात. मला उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न असे:

एक, शेवटच्या लॅपला अपघात झाला की रेस तिथेच का थांबवतात? अजून दोन लॅप पळवायचे ना. गेल्या वर्षी तसं केलं होतं म्हणे.

दोन, मधले तास-दीड तास कोणीच पुढे जायचा प्रयत्न का करत नव्हतं? अण्णांच्या शब्दांत, "ह्यांचे बैल कोणी बांधून ठेवलेत?"

तीन, सगळ्यात महत्त्वाचं. येत्या रविवारी २५ तारखेला अटलांटाला रेस आहे, गाडीने चार-साडेचार तास. अण्णांना न्यावं का? त्यांना कानात यंत्र आहे. आवाजाचं काय? आणि तिथेही असाच पिवळ्या झेंड्याखाली निकाल लागला तर परतीचे चार तास मला त्यांच्या शेजारी बसून काढायचे आहेत, हेही लक्षात घ्या.

डावीकडे_वळा:
पंधरा वर्षं बघतोय हे सगळं, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. नियम साधा आहे, फक्त पांढऱ्या झेंड्यावर लक्ष ठेवा. पुढच्या गाडीने पांढरा झेंडा घेतला, म्हणजे शेवटचा लॅप सुरू झाला, की त्यानंतर कुठलाही झेंडा पडला तरी रेस तिथेच संपते. पांढऱ्याच्या आधी पिवळा पडला असता तर ओव्हरटाइम झाला असता, म्हणजे पुन्हा हिरवा आणि दोन लॅप. गेल्या वर्षी तेच झालं, म्हणून २०० लॅपची डेटोना २१२ लॅपपर्यंत लांबली आणि स्टेनहाउस जिंकला. काल बायरनने पांढरा घेतला आणि लगेच पिवळा लागला. फरक डोळ्याची पापणी लवण्याइतका. पिवळा लागला त्या क्षणी कोण पुढे होतं ते व्हिडिओ आणि ट्रॅकखालच्या तारांवरून बघतात. बायरन बोमनच्या पुढे होता, संपलं.

पूर्वी असं नव्हतं. पिवळा लागला तरी गाड्या रेषेपर्यंत पूर्ण वेगात पळत यायच्या. सप्टेंबर २००३ मध्ये न्यू हॅम्पशायरला डेल जॅरेटची गाडी सरळ पट्ट्यावरच बंद पडली, तो आत बसलेला, आणि बाकीचे अख्ख्या वेगात त्याच्याकडे पळत येत होते. नशिबाने कोणी धडकलं नाही. पुढच्याच आठवड्यात नियम बदलला. अण्णांना हे सांगा. घाटात गाडा पडलेला असताना मागून दुसरी बारी सोडतील का?

गॅरेजवाला:
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, कारण यावर मला राग येतो.

डेटोनाला आणि अटलांटाला इंजिनात हवा मुद्दाम कमी सोडतात. यंदा बहुतेक इतर ट्रॅकवर ६७० हॉर्सपॉवर, इथे ५१०. मग प्रत्येकाचा पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला असला तरी कोणी एकटा सुटून जाऊ शकत नाही. एकट्या गाडीपेक्षा दोन गाड्या चिकटून जास्त पळतात, याला ड्राफ्ट म्हणतात. म्हणून ते मागून ढकलणं. ढकललं की वेग मिळतो, पण बंपर जरा तिरका लागला की पुढचा घसरतो. बोमन-बायरन-केसेलोव्स्की हे तेच.

आणि ती वरात? ती पेट्रोल वाचवायची वरात. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी थांबवायच्या जागी) टायर बदलणं पटकन होतं, वेळ खातं ते पेट्रोल ओतणं. रांगेत राहून अर्ध्याच पायाने चालवलं तर टाकी कमी रिकामी होते, पिटमध्ये कमी ओतावं लागतं, दोन सेकंद आधी बाहेर, म्हणजे पंधरा गाड्यांच्या पुढे. हुशारी आहे, पण तिकीट काढून बघणाऱ्याने काय करायचं? टप्प्यांचंही सांगतो. तीन भाग असतात, डेटोनाला ६५, ६५ आणि ७० लॅप. पहिल्या दोन भागांत पहिल्या दहांना दहा ते एक असे गुण मिळतात. यंदाच्या, २०२४ च्या नियमाने २६ रेसनंतर १६ जण प्लेऑफला (विजेतेपदाच्या शेवटच्या फेऱ्यांना) जातात, आणि एक रेस जिंकली की तिथली जागा जवळपास पक्की. म्हणजे बायरनने फेब्रुवारीतच वर्षाची सोय करून ठेवली. काल तो एकूण चारच लॅप पुढे होता, बरं का.

कडक_चहा:
बायरनला कमी लेखू नका, तो तुमच्याच गावचा, शार्लटचा. घरात कोणी रेसिंगमधलं नाही. हा मुलगा काँप्युटरवर आयरेसिंग खेळून शिकला आणि मग खऱ्या गाडीत बसला. माझा मुलगा हेच उदाहरण देऊन अभ्यास टाळतो, ती वेगळी कथा. आणि तारखेचा योगही बघा. बायरनच्या हेंड्रिक टीमची पहिली रेस डेटोना ५००, १९ फेब्रुवारी १९८४. काल १९ फेब्रुवारी २०२४. पाऊस पडला नसता तर हा योग जुळलाच नसता. दहा वर्षांनी ही रेस त्यांच्या हाती आली.

शुक्रवारी नॅसकारच्या ट्रक मालिकेत निक सांचेझ पहिल्यांदा जिंकला आणि काल रात्री उशिरा एक्सफिनिटीमध्ये (नॅसकारच्या दुसऱ्या पातळीच्या मालिकेत) ऑस्टिन हिल, फेब्रुवारीतल्या डेटोनाला सलग तिसऱ्यांदा. हे दोन्ही कोणी बघितलं नसणारच.

डावीकडे_वळा:
@धागाकर्ते, तिसरा प्रश्न. न्या! अटलांटाचा ट्रॅक २०२२ मध्ये नव्याने बांधला. वळणांचा उतार २४ अंशांवरून २८ केला आणि रुंदी कमी केली. डेटोना अडीच मैल, हा १.५४ मैल. अर्ध्या मिनिटाच्या आसपास एक लॅप, २६० लॅप, आणि गर्दी डेटोनासारखीच. इथे पेट्रोल वाचवत लोळायला जागाच नाही, हवेसाठी सतत मारामारी. आणि गॅलरीतून अख्खा ट्रॅक दिसतो. डेटोनाला पलीकडच्या सरळ पट्ट्यावर काय चाललंय ते पडद्यावर बघावं लागतं. जागा शक्यतो उंचावरची घ्या, खालच्या रांगांत टायरचे रबराचे तुकडे थाळीत पडतात. अनुभवाने सांगतो, बटाट्याच्या भाजीतून काढून टाकलेत.

सुईदोरा:
माझे सासरेही यंत्र लावतात, त्यांना शार्लटला घेऊन गेले होते. यंत्र घरूनच नाही, तिथे पोचल्यावर काढा. म्हणजे पार्किंगपासून जागेपर्यंत त्यांना ऐकू येईल. डबी त्यांच्याच शर्टच्या खिशात, बटण लावून. कानात फोमचे बोळे आणि त्यावर मोठे हेडफोनसारखे कानझाकण, दोन्ही. चाळीस गाड्या एकदम समोरून जातात तेव्हा आवाज कानात नाही, छातीत वाजतो. पहिल्या लॅपला ते घाबरतील, खांद्यावर हात ठेवा. बोलायला छोटी वही आणि पेन न्या, आमचं सगळं त्यावर चाललं. आणि स्वच्छतागृहात जायचं असेल तर पिवळा झेंडा लागल्यावर सगळ्यांसोबत पळू नका, हिरव्यातच जा.

गॅरेजवाला:
पुढचंही लिहून ठेवा. ३ मार्चला लास व्हेगास, १० ला फीनिक्स, १७ ला ब्रिस्टल. व्हेगासला ६७० हॉर्सपॉवर परत, तिथे गाडी आणि ड्रायव्हर दिसतात, लॉटरी नाही. मला विचाराल तर खरा सीझन तिथून सुरू होतो. अटलांटा म्हणजे पुन्हा लॉटरीच, फक्त छोट्या डब्यात.

धागाकर्ता (सोमवार, २६ फेब्रुवारी):
सर्वांचे मनापासून आभार. जाऊन आलो. काल रात्री एकला घरी पोचलो, ऑफिसात डुलक्या काढत लिहितोय.

दुसऱ्याच लॅपला सोळा गाड्या आपटल्या. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि वहीत लिहिलं, 'पुन्हा तेच?' मी म्हटलं, झालं, चार तास गेले. पण मग जे सुरू झालं! गॅरेजवाले, तुमची लॉटरी असेल, पण नंबर दर मिनिटाला बदलत होता. पुढची गाडी ४८ वेळा बदलली, अटलांटाच्या इतिहासात सर्वात जास्त. अण्णांनी वहीत पुढे कोण ते लिहायला सुरुवात केली होती, पान भरलं तेव्हा सोडून दिलं.

सुईदोरा ताई, डबी शर्टच्या खिशात, बटण लावून. आणि खांद्यावर हात ठेवायची वेळ माझ्यावर नाही, त्यांच्यावर आली. पहिल्यांदा सगळ्या गाड्या पूर्ण वेगात समोरून गेल्या तेव्हा मीच खाली बसलो.

शेवटचा लॅप. मी पिवळ्या दिव्याकडेच बघत होतो, हात जोडून. लागला नाही. शेवटच्या वळणातून तीन गाड्या एका ओळीत आल्या. सुआरेझ, ब्लेनी, काइल बुश. रेष गेली आणि हजारो माणसं उभी, पण कोण जिंकलं ते कोणालाच माहीत नाही. शेजारचा टोपीवाला मला विचारतोय, मी त्याला. मग पडद्यावर फोटो आला. डॅनियल सुआरेझ, मेक्सिकोतल्या माँतेर्रेचा, ०.००३ सेकंदाने. तिसऱ्या नंबरचा बुश ०.००७ ने मागे.

मी वहीत आकडा लिहून अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि शेवटच्या ३ खाली रेघ मारली. मग यंत्राची डबी काढली, यंत्र लावलं, नीट बसलंय का बघितलं, आणि म्हणाले, "माझ्या घड्याळात पॉइंटनंतर दोनच आकडे होते. मी बरोबरी दिली असती."

त्यानंतर ग्रीनव्हिलपर्यंत त्यांनी मला घाटातल्या दोन निकालांची गोष्ट सांगितली. तीस वर्षांपूर्वीची, गाडामालकांच्या नावासकट. त्यातल्या एकात त्यांनी बरोबरी दिली होती आणि गावात वर्षभर कोणी बोललं नव्हतं म्हणे. मी हे कधीच ऐकलं नव्हतं.

कडक चहा, शनिवारची एक्सफिनिटी हॉटेलात टीव्हीवर बघितली. नवखा जेसी लव्ह दिवसभर पुढे आणि शेवटी त्याचं पेट्रोल संपलं, हिल परत जिंकला. अण्णांनी टीव्हीलाच शिवी दिली.

आता एकच प्रश्न राहिला. व्हेगासची रेस इथे दुपारी साडेतीनला आहे, आणि त्याच दिवशी संध्याकाळी अण्णांचं मुंबईचं विमान. विमानतळावर जाताना फोनवर रेस दिसेल असं काही करता येतं का? अण्णांनी सकाळपासून तीनदा विचारलंय.