प्रतिसाद: कबुतराच्या पिलाच्या घशातला पिवळा थर
कबुतराच्या पिलाच्या घशात पिवळा थर आलाय, काय द्यावं, या प्रश्नाला वर कुणी आयव्हरमेक्टिन हे औषध सुचवलंय, ते कृपया यासाठी देऊ नका. ते गोल जंतांवर, माइट्सवर चालतं. हा थर बहुधा ट्रायकोमोनासचा, तो एकपेशीय परजीवी, त्याला ते लागूच पडत नाही. चोच उघडून टॉर्चने बघा: टाळूवर, घशात पनीरसारखा थर आणि घाण वास असेल तर बहुधा तोच, पण पक्ष्यांच्या देवी रोगातही असाच थर दिसतो, म्हणून घशाचा स्वॅब ताजा असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. थर चिमट्याने ओढू नका, खालून भळाभळा रक्त येतं. ट्रायकोमोनासवर औषध म्हणजे मेट्रोनिडॅझोल, साधारण वजनाच्या किलोला २५ ते ५० मिग्रॅ, ५ दिवस. म्हणजे ३०० ग्रॅमच्या पक्ष्याला ७.५ ते १५ मिग्रॅ. २०० मिग्रॅची गोळी अंदाजाने तोडायची नाही, वजन करून डोस डॉक्टरांकडून ठरवा. पिलाच्या आई-बापांनाही, म्हणजे नर-मादी दोघांनाही औषध हवंच, कारण भरवताना त्यांच्या गळ्याच्या पिशवीत तयार होणाऱ्या दुधासारख्या स्रावातून पिलाला पुन्हा लागण होते. पाण्याचं भांडं रोज घासून उन्हात वाळवा; कोरड्यात हा जीव तग धरत नाही.