मदत हवी आहे: 'नॉर्दर्न लाइट्स' आणि इंडिका-सॅटिवाचा घोळ

नमस्कार मंडळी. नागपुरात एमएस्सी वनस्पतिशास्त्र करतेय, पुढच्या बुधवारी सेमिनार आहे. विषय घेतलाय 'नॉर्दर्न लाइट्स' हे गांजाचं जुनं गाजलेलं वाण. अफगाणी आणि थाई वाणांचा संकर समजतात, १९८० च्या दशकात हॉलंडमधून पसरलं. सगळीकडे एकच वर्णन: इंडिका (गांजाच्या दोन ढोबळ प्रकारांपैकी एक, दुसरा सॅटिवा), म्हणून अंग सैल पडतं, झोप येते.

सरांनी तिथंच पेन्सिलीनं गोल केला अन् बाजूला लिहिलं, 'म्हणून म्हणजे?'

लिनियसनं १७५३ मध्ये सॅटिवा आणि लामार्कनं १७८५ मध्ये इंडिका हे नाव दिलं ते झाडाच्या ठेवणीवरून, गुंगीचे प्रकार मोजून नव्हे, एवढं कळलं. टीएचसी (गांजातलं गुंगी आणणारं द्रव्य), सीबीडी (तशी गुंगी न आणणारं) हेही वाचून झालं. लायब्ररीतल्या मराठी पुस्तकांत मात्र भांग, गांजा, चरस यापुढे गाडी जातच नाही.

बियाणं, लागवड काही नको, एनडीपीएस कायदा १९८५ (अमली पदार्थांवरचा) माहीत आहे. 'घेऊन बघ' सांगणाऱ्यांना आधीच हात जोडते!

फक्त एवढं सांगा: झोपेचं श्रेय टीएचसीच्या प्रमाणाला द्यायचं, मायर्सिनसारख्या टर्पिनला (झाडातल्या वासाच्या द्रव्याला), की घेणाऱ्याच्या अपेक्षेला? माणसांवरच्या प्रयोगांतून यातलं नेमकं काय सिद्ध झालंय?