मदत हवी आहे: टी-स्टेमवरचा खालचा कोन (बेअरिंगची आतली कडी) निघत नाही

४११ सीसीची, भरपूर फिरलेली सेकंडहँड अॅडव्हेंचर बाइक घरीच उघडली आहे. हँडल सरळ आलं की खाचेत बसल्यासारखं अडकायचं, म्हणून पुढचा भाग पूर्ण उतरवला. कोनसेट (हँडल ज्यावर वळतं तो वाट्या, गोळ्या आणि कोनांचा बेअरिंग संच) संपलाय: वाट्यांत गोळ्यांचे खळगे पडलेत, ग्रीसचा लाल चिखल झालाय. आता बॉलऐवजी टेपर रोलर बेअरिंग टाकतोय. संच आणलाय, मापं व्हर्नियरने तपासली, जुळतात.

हेड ट्यूबमधल्या (चासीच्या पुढच्या नळीतल्या) दोन्ही वाट्या लांब पंचने ठोकून निघाल्या. अडलंय ते टी-स्टेमच्या (हेड ट्यूबमधून जाणारा, हँडलसोबत वळणारा टी-आकाराचा दांडा) बुडाशी घट्ट बसलेल्या कोनापाशी. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवलं, हीटगन लावली, दोन बाजूंनी छिन्नी घालून पाहिली. ढिम्म! कड इतकी बसकी आहे की पुलरला पकडच मिळत नाही.

ग्राइंडर आहे; प्रेस आणि वेल्डिंग नाही. टी अॅल्युमिनियमचा आहे, त्यामुळे थेट गॅसची ज्योत मारायची नाही. 'नवीन टी-स्टेम घ्या' हा सल्लाही तूर्त नको, बजेट टायरसाठी राखलंय.

कोनाला ग्राइंडरने तिरका, अर्धवट काप देऊन छिन्नीने तडकवला तर स्टेम वाचतो का, की सरळ लेथवाल्याकडे न्यावा? आणि मॅन्युअलमधला टॉर्क बॉल बेअरिंगचा आहे. टेपर रोलर घातलेल्यांनी वरचा नट किती घट्ट ठेवला?