नागावची पोपटी, दोन कॅरॅव्हॅन आणि चौतीस माणसं: सोसायटीच्या कॅम्पिंग ग्रुपवर

(घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचा कॅम्पिंग ग्रुप. नावांऐवजी फ्लॅट नंबर ठेवले आहेत. पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा वगैरे मडक्यात भरून आगीत भाजायचा प्रकार; कॅरॅव्हॅन म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी.)

ए-१२०३: नमस्कार मंडळी. सहलीची नावनोंदणी बंद. ९ कुटुंबं, २४ मोठे, १० मुलं. दोन कॅरॅव्हॅन, आठ तंबू, आणि वाडीतली एक खोली आजी-आजोबांसाठी. जागा नागाव, अलिबागच्या पुढे. तारखेवर अजून दोन मतं आहेत, ती आजच मिटवू.

ए-३०५: ताई, २४ ते २६ जानेवारी घ्या ना. सोमवारची सुट्टी फुकट मिळते.

डी-१०१: अख्ख्या ठाणे-मुंबईला मिळते, तोच प्रॉब्लेम आहे. लाँग वीकेंडला वडखळ ते अलिबाग हा दुपदरी रस्ता तुंबतो. कार कशीबशी घुसते. सात मीटरच्या कॅरॅव्हॅनला ना मागे वळता येत, ना कडेला थांबता. माझं मत १७-१८ जानेवारी २०२६.

बी-९०४: १७-१८च. १८ला अमावास्या आहे. अमावास्येच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर भरती बाराच्या आसपास, दुपारी आणि मध्यरात्री. ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या आगेमागे. म्हणजे शनिवारी सूर्य मावळताना पाणी लांब गेलेलं असेल, मुलांना ओली वाळू मोकळी. रात्री अंधारही गडद, तारे छान दिसतील. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघूनच मुलांना सोडायचं, ते वेगळं.

सी-७०२: आम्ही ग्रुपमध्ये नवीन. आमच्याकडे कॅरॅव्हॅन नाही, तंबूही नाही. तरी चालेल ना?

ए-१२०३: अहो, नऊपैकी सात कुटुंबं तंबूतच असतात. तंबू भाड्याने मिळतो. फक्त 'चार माणसांचा' लिहिलेला तंबू दोन मोठे, एक मूल आणि बॅगा एवढाच धरा. चार जण झोपले तर कड बदलायलाही परवानगी घ्यावी लागते.

बी-४०१: आणि बाहेरचं कव्हर काढू नका. 'जानेवारीत कुठला पाऊस' म्हणून लोक काढतात. पाऊस नसतो, दव असतं. किनाऱ्यावर पहाटे तंबू बाहेरून ओला, आतून श्वासाच्या वाफेने ओला. वरच्या झडपा उघड्या ठेवल्या की आतलं पाणी कमी होतं. खालची ताडपत्री तंबूच्या बुडापेक्षा चारी बाजूंनी वीतभर लहान हवी. बाहेर डोकावली तर दव तिच्यावर जमून थेट पाठीखाली येतं. खुंट्या तिरक्या ठोका, डोकं तंबूपासून लांब कललेलं.

बी-९०४: सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. नारळाखाली तंबू नाही. कॅरॅव्हॅनही नाही. नारळ पडतो तेव्हा विचारत नाही, आणि वाळलेली झावळी तर नुसत्या वाऱ्याने येते. दुसऱ्या कॅरॅव्हॅनच्या टपावर सोलर पॅनेल आहे, त्याचा चुरा होईल. वाडीवाल्याला विचारा, नारळ उतरवायची पाडप कधी केली. चिकू-आंब्याच्या बाजूला मोकळी जागा असेल तर तीच घ्या.

ए-१२०३: मावशी, त्याच बाजूची जागा सांगितली आहे. पण तिथे पाटाचं पाणी सोडतात.

डी-१०१: मग गुरुवारपासून त्या भागात पाणी बंद ठेवायला सांगा. ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली कॅरॅव्हॅन माणसं-सामानासकट काही टनांची होते. भिजलेल्या वाडीत मागची चाकं रुतली की निघताना ट्रॅक्टर बोलवा. चाकांखाली दोन इंची जाड फळ्या, प्रत्येक चाकाला दोन. त्या गाडीची पातळी साधायलाही लागतात. मोबाइल गाडीच्या आत, तळावर ठेवून लेव्हल ॲपमध्ये बघायचं. गाडी तिरकी राहिली तर बेसिनचं पाणी जात नाही आणि झोपलेल्याचं डोकं खाली, पाय वर.

डी-१०१: आणखी एक. नागावच्या गल्ल्या अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना गडग्याच्या भिंती, वर विजेच्या तारा आणि फांद्या. टपावरच्या एसीसकट कॅरॅव्हॅनची उंची तीन मीटरच्या आसपास. वाडीवाल्याला सव्वातीन मीटरचा बांबू हातात धरून मुख्य रस्त्यापासून फाटकापर्यंत चालायला सांगा आणि त्याचा व्हिडिओ मागवा. बांबू जिथे अडेल तिथे गाडी अडणार.

ए-३०५: 😂 दादा, तो माणूस आपलं बुकिंगच रद्द करेल.

डी-१०१: करू दे. तार तुटण्यापेक्षा ते बरं.

बी-४०१: आता वीज. वाडीत आपल्याला एकच १५ अँपिअरचा पॉइंट मिळतोय. २३० गुणिले १५ म्हणजे जेमतेम ३४५० वॅट. कॅरॅव्हॅनचा एक टनाचा एसी ११००-१२०० घेतो, असे दोन. छोटा गीझर २०००, किटली १५००, इंडक्शन २०००. बेरीज तुम्हीच करा. एसी बंद, इंडक्शन घरी. गीझर आणि किटली एकाच वेळी नाही. जानेवारीत रात्री तिथे पांघरूण लागतं, एसी कशाला?

ए-३०५: काका, बॅटरीवर एसी चालतो म्हणे.

बी-४०१: चालतो, तासभर. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे १२८० वॅट-तास. त्यातून छोटा १२ व्होल्टचा फ्रीज, दिवे, दोन पंखे आणि मोबाइल रात्रभर निघतात. एसी लावला तर सगळं तासाभरात खलास, आणि सकाळी फ्रीजमधलं दूध नासलेलं. पहिल्या कॅरॅव्हॅनमध्ये साधी ट्यूब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी आहे. तिची निम्मीच क्षमता वापरायची, त्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. जनरेटरचं नाव काढू नका, शेजारच्या वाडीतही माणसं झोपतात.

बी-४०१: वायर २.५ चौरस मिलिमीटरची, तीन कोअर, आणि रिळावरून पूर्ण उलगडलेली. गुंडाळलेल्या वायरमधून जास्त वीज गेली की आतली वेटोळी तापून इन्सुलेशन वितळतं. अर्थिंग तपासल्याशिवाय प्लग लावायचा नाही. कॅरॅव्हॅनचं अंग पत्र्याचं, खाली रबरी टायर. अर्थिंग नसेल आणि आत कुठे गळती झाली तर अख्खी गाडी करंट मारते, आणि ते कळतं ओल्या पायाने पायरी चढणाऱ्या मुलाला. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावलेला बोर्ड मी आणतोय. सगळं त्या बोर्डातूनच जोडायचं.

सी-७०२: काका, आम्ही एसीच मागितला नव्हता हो 😅

ए-१२०३: त्यांचं ते प्रत्येक सहलीला असतं, आणि दर वेळी लागतंही. आता स्वयंपाक. एकच चूल, एकच गट. घराघरांनी आपापल्या शेगड्या मांडल्या की नऊ ठिकाणी आग, नऊ कचऱ्याच्या पिशव्या आणि कोणाचंच जेवण वेळेवर नाही. मोठी भट्टी एक, ५ किलोचे दोन सिलिंडर. कनेक्शनला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, मगच काडी. सिलिंडर उभा आणि उघड्यावर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचून राहतो. म्हणून तंबूत किंवा कॅरॅव्हॅनच्या दाराशी शेगडी नाही. निखाऱ्याची शेगडीही 'ऊब येते' म्हणून तंबूत न्यायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ए-१२०३: शनिवारी नाश्ता घरून डब्यात. दुपारी भात २.५ किलो तांदळाचा, आमटी, पापड. रात्री पोपटी आणि सोबत भाकऱ्या, त्या गावातून. रविवारी पोहे २.५ किलो. चहाला एका फेरीला दूध अडीच लिटर.

ए-३०५: पोपटीत आमच्यासारख्या शाकाहारी लोकांचं काय?

बी-९०४: मडकी दोन. शाकाहारी आधी भरायचं आणि आधी उघडायचं, हात आणि पळीसुद्धा वेगळी. पंधरा लिटरच्या मडक्याला वालाच्या शेंगा ३ किलो, छोटे बटाटे १ किलो, रताळी १ किलो, चिरा देऊन मसाला भरलेली छोटी वांगी अर्धा किलो. दुसऱ्यात शेंगा २ किलो, चिकन २ किलो, अंडी १५, थोडे बटाटे. चिकन आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, मीठ लावून दोन तास आधी, छोटे तुकडे, केळीच्या पानात बांधून. जाडं मीठ आणि ओवा सढळ हाताने. पाणी नाही, तेल नाही.

बी-९०४: खरं काम भांबुर्ड्याच्या, म्हणजे वासाच्या एका रानझुडपाच्या, पाल्याचं. बुडाला आणि कडेने त्याचा जाड थर, मग शेंगांचा थर, मधे चिकनच्या पुड्या, अंडी शेंगांत लपवलेली, परत शेंगा. अंडं मडक्याला टेकलं तर तडकतं. तोंडाला पाला ठासून बोळा मारायचा, इतका घट्ट की उपडं केलं तरी काही हलू नये. मग मडकं जमिनीवर उपडं, भोवती-वर पेंढा, वाळक्या झावळ्या, गोवऱ्या, नारळाची सोडणं. तीस ते चाळीस मिनिटं.

सी-७०२: झालं हे कळतं कसं?

बी-९०४: मडक्यावर पाणी शिंपडायचं. चुर्र वाजून लगेच सुकलं आणि पाल्या-ओव्याचा वास आला की झालं. बिघडते दोन-तीन कारणांनी. बोळा सैल राहिला की वाफ निघून जाते, खालच्या शेंगा करपतात आणि बटाटे कच्चे. शेंगा धुऊन ओल्याच भरल्या की पोपटी उकडल्यासारखी गिळगिळीत. मडकं ओलं असेल किंवा बारीक चीर असेल तर आगीत फुटतं. म्हणून टिचकी मारून घ्या, खणखणीत वाजलं पाहिजे. आणि फक्त पेंढ्यावर भागवू नका. तो भसकन पेटतो आणि दहा मिनिटांत विझतो, धग टिकते ती गोवऱ्या-सोडणांची.

डी-१०१: आग तंबूंपासून निदान पंधरा मीटर, वारा ठिणग्या तंबूंपासून लांब नेईल अशा बाजूला. संध्याकाळी वारा बघूनच जागा ठरवू. पाण्याच्या दोन बादल्या शेजारी. राख पाणी मारून, हात लावून थंड झाल्याशिवाय कोणी झोपायला जाणार नाही.

ए-३०५: आणि गाणी? मोठा स्पीकर आहे माझ्याकडे.

ए-१२०३: स्पीकर घरी ठेवा, गळा आणा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहेच, आणि आपल्यातच सहा महिन्यांचं बाळ आहे. दहानंतर अंताक्षरीसुद्धा हळू आवाजात.

बी-४०१: दुर्बीण असेल त्यांनी आणा. गुरू त्या वीकेंडला मिथुन राशीत असेल, संध्याकाळी पूर्वेला सगळ्यात तेजस्वी. साध्या दुर्बिणीतूनही त्याचे चंद्र दिसतात, फक्त हात स्थिर हवा. मृग आणि व्याध तर पोरांनाही शोधता येतील.

ए-१२०३: संडासाचं आता स्पष्ट बोलते. वाडीत दोन आहेत, तेच सगळ्यांचे. कॅरॅव्हॅनमधला कॅसेट टॉयलेट (खालची टाकी काढून रिकामी करायचा) वीस लिटरच्या आतबाहेर, तो रात्री लहान मुलांना आणि आजारी माणसाला. सर्वांनी वापरला तर सकाळपर्यंत भरतो. कॅरॅव्हॅनवाल्यांनी भाडं भरलंय, ते सार्वजनिक शौचालय चालवत नाहीत. कॅसेट रिकामी करायची ती सेप्टिक टाकीला जोडलेल्या संडासातच. ओढ्यात, खड्ड्यात, विहिरीच्या आसपास अजिबात नाही. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी चिकूच्या आळ्यात चालेल, पण साबण कमी.

सी-७०२: हिशोब कसा होतो?

ए-१२०३: वाडी, जेवण, लाकूडफाटा एका खात्यात. मोठ्यांचा पूर्ण वाटा, ५ ते १२ वयाला अर्धा, पाचच्या खाली नाही. आपल्यात सहा मुलं अर्ध्या वाट्याची, चार विनावाटा. म्हणजे २४ अधिक ३, एकूण २७ वाटे. कॅरॅव्हॅनचं भाडं आणि डिझेल तिच्यात झोपणाऱ्यांचं. टोल-पेट्रोल ज्याची गाडी त्याचं. हिशोब रविवारी रात्रीच ग्रुपवर, कारण बुधवारपर्यंत बिलं सापडत नाहीत.

डी-१०१: भाड्याच्या कॅरॅव्हॅनची नंबरप्लेट पिवळी (स्वतः चालवायची असेल तर काळी) आहे का, ते ॲडव्हान्स देण्याआधी बघा. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. ठाण्यातून निघताना गाडी सोसायटीत आणू नका, पोडियमची कमान कमी उंचीची आहे. सामान सर्व्हिस रोडवर भरू.

डी-१०१: रस्ता असा. पहाटे ५:३०ला निघायचं, माजिवडा, ठाणे-बेलापूर रोड, उरण फाटा, कळंबोली, पळस्पे, कर्नाळा, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग, नागाव. एक गाडी पुढे, एक शेपटीला, मधल्यांनी एकमेकांना चिकटून चालायचं नाही. सात गाड्यांची माळ केली की मागचे लोक ओव्हरटेकसाठी जिवावर उदार होतात. थांबा एकच, पेणला. कर्नाळ्याला खाऊ काढून थांबू नका, माकडं गाडीत शिरतात. कॅरॅव्हॅन चालू असताना पलंगावर कोणी लोळणार नाही, सगळे सीटवर बेल्ट लावून. गॅसचा कॉक बंद, फ्रीजची कडी लावलेली, पाण्याची टाकी अर्धी. पूर्ण भरली तर वजन वाढतं, आणि पाणी तिथेही मिळतं. वाळूवर एकही गाडी उतरवायची नाही. 'फोटोपुरती' उतरवलेली गाडीच भरतीत अडकते.

ए-३०५: बरं, स्पीकर राहू दे. मी पेण-वडखळला शेंगा घेऊन येतो, पाच किलो ना?

बी-९०४: पाच. दाणा भरलेल्या, पण वरून हिरव्या. पिवळ्या पडलेल्या घेऊ नका, त्या कडक होतात. पाला वाडीवाला आणून ठेवणार आहे, त्याला मी फोन केलाय.

ए-१२०३: मडकी डी-१०१, बोर्ड आणि वायर बी-४०१, भट्टी आणि सिलिंडर माझ्याकडे, केळीची पानं सी-७०२. ओवा कोण आणतंय?

सी-७०२: मी आणते. किती?

बी-९०४: दोन्ही मडक्यांना मिळून पाव किलो. उरला तर रविवारी पोटदुखीला लागतोच.