बिल्ड फुटला की आधी कॅशे उडवायची, की आधी एरर वाचायची?

धागाकर्ता : रात्रपाळी

मागच्या महिन्यात आमची एक सर्व्हिस तीनपैकी दोन सर्व्हरवर नीट चालत होती आणि तिसऱ्यावर 'नो-सच-मेथड-एरर' देऊन पडत होती. कोड तोच, कमिट तोच. पहिल्या दिवशी टीमने काय केलं? प्रत्येकाने आपापल्या मशीनवरची मेव्हन या बिल्ड टूलची लोकल रिपॉझिटरी (उतरवलेल्या लायब्ररींचा साठा) उडवली, आयडीईची (कोड लिहायच्या टूलची) कॅशे साफ केली, बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं) परत केला, परत चढवला. दुसऱ्या दिवशी तेच. फरक शून्य.

शेवटी तिसऱ्या सर्व्हरवर जावा 'व्हर्बोज क्लास' पर्याय देऊन सुरू केली. या पर्यायाने कुठला क्लास कुठल्या जारमधून (जावाचे क्लास बांधून ठेवलेली फाइल) उचलला ते ओळीओळीने छापून येतं. दहा मिनिटांत उत्तर समोर होतं. लिब फोल्डरमध्ये एकाच जेसन लायब्ररीच्या दोन जार होत्या, जुनी आणि नवी. डिप्लॉय करणारी स्क्रिप्ट नवीन फाइल आणून ठेवत होती, जुनी काढत नव्हती. आणि सुरू करताना क्लासपाथमध्ये (जावा क्लास जिथे शोधते त्या जागांची यादी) आम्ही लिब फोल्डरपुढे सरळ तारांकन, म्हणजे 'आतल्या सगळ्या जार घे', दिलं होतं. तारांकनातून जार कुठल्या क्रमाने येतील याची जावा कसलीही हमी देत नाही. दोन सर्व्हरवर नवी जार आधी आली, तिसऱ्यावर जुनी.

दोन दिवस ज्या कॅशेवर राग काढला, तिचा यात काही संबंधच नव्हता. म्हणून माझं ठाम मत : काहीही पुसण्याआधी एरर शब्दशः वाचा. 'क्लास-नॉट-फाउंड' म्हणजे कोणीतरी नावाने क्लास मागितला आणि तो सापडला नाही. 'नो-सच-मेथड' म्हणजे क्लास सापडला, पण ज्याच्यासमोर कंपाइल केलं तो हा नव्हे. दोन्हींचा शोध वेगळ्या दिशेने जातो. पुसापुशीत तो पुरावाच जातो.

प्रतिसाद : स्वच्छबिल्ड

पूर्ण असहमत. क्लीन बिल्डला (आधीचं आउटपुट पुसून सगळं परत कंपाइल करायला) आमच्याकडे चार मिनिटं लागतात. चार मिनिटांत निम्मी शक्यता बाद होत असेल तर ते आधी का करू नये?

आणि एरर वाचा म्हणता, पण एरर येतच नाही तेव्हा काय वाचायचं? एक उदाहरण देतो. एका क्लासमध्ये 'स्टॅटिक फायनल' आकडा होता, कमाल मर्यादा ५०. ती १०० केली. जावाचा कंपायलर असे स्थिरांक वापरणाऱ्या क्लासमध्ये थेट कोरून टाकतो. दुसऱ्या मॉड्यूलमधला क्लास परत कंपाइल झालाच नाही, त्यामुळे तिथे ५० च राहिले. ना एरर, ना वॉर्निंग. सोर्स उघडला की १०० दिसतात, प्रोग्राम ५० वर थांबतो. अर्धा दिवस आम्ही लॉजिक तपासत बसलो. क्लीन केलं आणि प्रश्न मिटला.

↳ रात्रपाळी

स्थिरांकाचं उदाहरण मान्य, तिथे क्लीन हाच उपाय आहे. पण तुम्ही प्रोजेक्टचं आउटपुट फोल्डर साफ केलंत. मी बोलतोय ते सगळी लोकल रिपॉझिटरी मुळापासून उडवण्याबद्दल. पहिल्यात आपलेच क्लास परत बनतात. दुसऱ्यात शेकडो जार परत उतरतात, आणि स्नॅपशॉट (अजून पक्की न झालेली, बदलत राहणारी) व्हर्जनं असतील तर कालची जार जाऊन आजची येते. म्हणजे ज्या स्थितीत बिघाड झाला ती स्थितीच उरत नाही.

↳ स्वच्छबिल्ड

अर्धवट उतरलेल्या जारचं काय? नेटवर्क तुटलं, डाउनलोड फसलं, मेव्हन ते अपयश लक्षात ठेवतो आणि नंतर जार उपलब्ध असली तरी ती आणायला जात नाही. रिपॉझिटरी उडवली की चालतं. हा अनुभव इथल्या बहुतेकांना असेल.

↳ रात्रपाळी

असेल, आणि मलाही आहे. पण त्या वेळची एरर पुढे वाचून बघा. आधीचं अपयश लोकल रिपॉझिटरीत नोंदलेलं आहे, ठरलेला कालावधी उलटेपर्यंत किंवा सक्तीने अपडेट करेपर्यंत परत प्रयत्न होणार नाही, असं तिथे सरळ लिहिलेलं असतं. सक्तीच्या अपडेटचा पर्याय दिला की काम होतं. तुमचं हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

प्रतिसाद : जोडणीवाला

मी सी++ मधला. एरर वाचा हे ठीक, पण एरर नेहमी खऱ्या जागेवर बोट ठेवते हे मला पटत नाही. आमच्याकडे लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारं टूल) 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणतो. माणूस वाचतो आणि लायब्ररी शोधायला लागतो. लायब्ररी तर कमांडमध्ये दिलेलीच असते, फक्त ऑब्जेक्ट फाइलच्या आधी दिलेली असते. ग्नू लिंकर स्टॅटिक लायब्ररी डावीकडून उजवीकडे बघतो. त्या क्षणी ज्याची गरज आहे तेवढंच उचलतो आणि पुढे जातो. क्रम बदलला की तीच कमांड चालते. संदेशात क्रमाबद्दल एक अक्षर नसतं.

तुमच्या जावातही हे आहे. 'नो-क्लास-डेफ-फाउंड' आली म्हणून एक सहकारी दिवसभर जार शोधत होता. जार होती, क्लासही जारमध्ये होता. त्या क्लासचा स्टॅटिक भाग सुरुवातीलाच एकदा फसला होता, कारण कॉन्फिगची एक फाइल जागेवर नव्हती. खरी एरर लॉगमध्ये कितीतरी वर, एकदाच छापलेली. त्यानंतर प्रत्येक वेळी फक्त हीच दुय्यम एरर.

↳ रात्रपाळी

हा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. माझं 'एरर वाचा' हे 'शेवटची एरर वाचा' असं ऐकू येत असेल तर ते चूक आहे. पहिली एरर शोधायला हवी. तुम्ही सांगितलेल्या प्रकारात 'क्लास इनिशियलाइज करता आला नाही' असे शब्द असतात. ते दिसले की जार शोधणं थांबवायचं आणि लॉगमध्ये वर जायचं.

प्रतिसाद : कुलूपबंद

तुम्ही सगळे आजार झाल्यावरच्या औषधावर भांडताय. डिपेंडन्सीची (आपण वापरतो त्या लायब्ररींची) व्हर्जनं कुलूपबंद करा, बिल्ड कंटेनरमध्ये (सगळीकडे सारखं राहणाऱ्या बंदिस्त वातावरणात) करा, जेडीके (जावाचा कंपायलर आणि बाकी साधनं) एकच ठेवा, म्हणजे हे प्रश्न उद्भवतच नाहीत.

मुळात कितीजणांना माहीत आहे की एकाच लायब्ररीची दोन व्हर्जनं आली तर मेव्हन नवं व्हर्जन निवडत नाही? तो डिपेंडन्सींच्या झाडात (कोण कोणाला ओढून आणतं त्याची मांडणी) जवळचं निवडतो, अंतर सारखं असेल तर आधी लिहिलेलं. ग्रेडल (दुसरं बिल्ड टूल) मात्र एरवी सगळ्यांत वरचं व्हर्जन घेतो. एका टूलवरून दुसऱ्यावर गेलात की एक ओळही न बदलता वेगळ्या जार हातात येतात. हे नशिबावर सोडायचं कशाला? मेव्हनचं एन्फोर्सर प्लगइन लावा, व्हर्जनं जुळली नाहीत तर बिल्ड तिथेच पाडा.

↳ रात्रपाळी

एन्फोर्सरला शंभर टक्के पाठिंबा. पण कुलूप लावल्याने चुकीची गोष्टही तितकीच घट्ट बंद होते. एक ठरलेला जेडीके घ्या, समजा ११. सोर्स आणि टार्गेट ८ ठेवून, म्हणजे जावा ८ साठी, कंपाइल करा. बाइटबफर या जावाच्या तयार क्लासवर 'फ्लिप' ही मेथड बोलावलेली असेल तर कंपाइल सुरळीत होईल आणि जावा ८ वर चालवताना 'नो-सच-मेथड' येईल, कारण जावा ९ मध्ये त्या मेथडचा परतावा बदलून बाइटबफर झाला. तुमच्या कंटेनरमध्ये हे दर वेळी अगदी सारखंच बिघडेल. कंपायलरला 'रिलीज ८' असं सांगितलं असतं तर त्याने जुनीच एपीआय (वापरता येणाऱ्या क्लास-मेथडचा संच) समोर धरली असती. हे कळायला कुलूप पुरत नाही, कंपायलर काय करतो ते कळावं लागतं.

↳ कुलूपबंद

दर वेळी सारखंच बिघडणं हा फायदाच आहे. तुमचा तिसरा सर्व्हर आठवा. वेगवेगळं बिघडत होतं म्हणूनच दोन दिवस गेले ना? सगळं एका कंटेनर-इमेजमध्ये असतं तर तिन्ही सर्व्हर एकत्र पडले असते, तेही टेस्टिंगमध्ये.

प्रतिसाद : जारशोधक

या वादात डिसेंबर २०२१ कोणाला आठवत नाही का? लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीची ती भेद्यता बाहेर आली तेव्हा पहिला प्रश्न होता, ही लायब्ररी आपल्याकडे कुठेकुठे आहे. डिपेंडन्सी ट्रीमध्ये दिसली तिथे बदलली. पण सगळं कोंबून केलेल्या मोठ्या जारच्या आत तिच्या प्रती होत्या, काही ठिकाणी पॅकेजचं नाव बदलून घेतलेल्या, त्या ट्रीमध्ये दिसतच नव्हत्या. आम्ही प्रत्येक जार उघडून आतले क्लास तपासले. व्हर्जनांचा संघर्ष टाळायला शेडिंग (लायब्ररी अशी नाव बदलून आत कोंबणं) करतात, ते समजू शकतो, पण नोंद न ठेवता केलेलं शेडिंग मला धोकादायक वाटतं. आत काय आहे हे माहीत नसेल तर कुलूप कशाला लावलंय?

प्रतिसाद : नवाभिडू

मध्येच विचारतो, माफ करा. जावा ८ वरून ११ वर आलो आणि 'जावाएक्स एक्सएमएल बाइंड' पॅकेज सापडत नाही म्हणतंय. तीनदा क्लीन केलं.

↳ स्वच्छबिल्ड

इथे क्लीनचा उपयोग नाही, हे मीच सांगतो. जॅक्स-बी (तुमचं हे पॅकेज जिचं आहे ती एक्सएमएलची लायब्ररी) आणि तिच्या सोबतची एंटरप्राइझ मॉड्यूल्स जावा ११ मधून काढूनच टाकली आहेत. आता ती वेगळी डिपेंडन्सी म्हणून घ्यावी लागते, एपीआय आणि चालवणारी अंमलबजावणी, दोन्ही.

↳ रात्रपाळी

आणि व्हर्जन बघून घ्या. ३ किंवा त्यापुढचं घेतलंत तर पॅकेजचं नाव 'जकार्ता'ने सुरू होतं, तुमचे जुने इम्पोर्ट तसेच फुटतील. २.३ च्या मालिकेतलं घ्या. तिथे एक चकवा आहे : २.३.३ ची एपीआय जार 'जकार्ता' नावाने मिळते, पण आतलं पॅकेज 'जावाएक्स'च आहे. नाव बघून गोंधळू नका, जार उघडून बघा.

↳ नवाभिडू

२.३.३ घातलं, कंपाइल झालं. पण चालवताना अंमलबजावणी सापडत नाही म्हणतंय. फक्त एपीआयच घेतली होती. दुसरी जार घालून परत बघतो. या वेळी आधी डिपेंडन्सी ट्री फाइलमध्ये काढून ठेवलाय.